दुहेरी बंधांचं जिवाणू-पॉलिस्टर: वाढवा, धुवा, मोजा, मग एपॉक्सिडेशन

काही जिवाणू पेशीत साठा म्हणून पॉलिस्टर बनवतात. त्या पॉलिस्टरला पुढे काही जोडायचं असेल, तर त्याची सोय जिवाणूच्या खाण्यातच करावी लागते. स्युडोमोनास प्युटिडा जीपीओ-१ या जिवाणूला नुसतं ऑक्टानोएट (आठ कार्बनच्या मेदाम्लाचा क्षार) दिलं, तर पॉलिस्टरच्या साखळीच्या शाखा संपृक्त (दुहेरी बंध नसलेल्या) राहतात. सोबत १०-अंडेसिनॉइक आम्ल (एरंडेलापासून मिळतं ते) दिलं की शाखांच्या टोकाला दुहेरी बंध येतात, साधारण खाद्यातल्याच प्रमाणात. शेवटी याच बंधांचं एपॉक्सिडेशन करायचं, म्हणजे त्यांवर ऑक्सिजन जोडून तीन अणूंचं क्रियाशील कडं (एपॉक्साइड) बनवायचं.

वाढीच्या माध्यमासाठी १ लिटर पाण्यात सोडियम अमोनियम हायड्रोजन फॉस्फेट (टेट्राहायड्रेट) १.७५ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट (ट्रायहायड्रेट) ७.५ ग्रॅम आणि मोनोपोटॅशियम फॉस्फेट ३.७ ग्रॅम. मॅग्नेशियम सल्फेट (१ मोलर, १ मिली) आणि सूक्ष्म मूलद्रव्यं ऑटोक्लेव्हनंतरच (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केल्यावरच) घाला, नाहीतर साका बसतो. खाद्य म्हणून सोडियम ऑक्टानोएट २.५ ग्रॅम आणि कॉस्टिक सोड्याने उदासीन केलेलं अंडेसिनॉइक आम्ल ०.९ ग्रॅम, पीएच ७. आम्ल वाढवायचा मोह टाळा, जास्त झालं की वाढ खुंटते. फ्लास्क एक-पंचमांशच भरा; ३० अंश, २०० आरपीएम.

नायट्रोजन मुद्दाम कमी ठेवलाय. तो संपल्यावर पॉलिस्टरचा साठा वाढतो. पण कार्बनही संपला, की पेशी तोच साठा पचवू लागतात. म्हणून २४ तासांनंतर वरचेवर नमुने काढा आणि कोरडं वजन वाढायचं थांबताच पेशी गोळा करा.

फ्रीझ-ड्राय केलेली पेशींची पूड आधी थंड मिथेनॉलने धुवा. ही पायरी गाळू नका: उरलेलं मोकळं अंडेसिनॉइक आम्लही एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन ओळखून मोजण्याची पद्धत) दुहेरी बंधांच्या जागी, म्हणजे ५.८ पीपीएमलाच दिसतं आणि दुहेरी बंध खोटेच जास्त मोजले जातात. २.३५ पीपीएमला ट्रिप्लेट (तीन टोकांचा सिग्नल) दिसला तर धुणं अपुरं झालंय. मग १ ग्रॅम पुडीला ५० मिली क्लोरोफॉर्म, रात्रभर ढवळणं, गाळणं, आटवणं आणि दहापट थंड मिथेनॉलमध्ये थेंबथेंब सोडणं. हाती येतो तो चिकट गोळा. असंपृक्त पॉलिमर हवेत ठेवला तर आपोआप क्रॉसलिंक होतो (साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात) आणि मग विरघळत नाही; नायट्रोजनखाली, अंधारात, फ्रीजरमध्ये ठेवा.

एनएमआरमध्ये ५.८च्या सिग्नलचं क्षेत्रफळ भागिले ५.२च्या सिग्नलचं (साखळीच्या प्रत्येक एककातला एक हायड्रोजन), हा असंपृक्त एककांचा वाटा. तो २५ टक्के असेल तर १ ग्रॅममध्ये सुमारे १.७ मिलिमोल बंध. दीडपट एमसीपीबीए (एपॉक्सिडेशन करणारं पेरॲसिड) घ्या, म्हणजे ७७ टक्के शुद्धतेचं ०.५८ ग्रॅम, ३० मिली डायक्लोरोमिथेनमध्ये, खोलीच्या तापमानाला. टोकाचे बंध सावकाश प्रतिक्रिया देतात, ५.८चा सिग्नल जाईपर्यंत थांबा, तापवू नका. उरलेलं पेरॲसिड सोडियम सल्फाइटने मारल्याशिवाय द्रावण आटवू नका, स्फोटाचा धोका असतो. शेवटी बायकार्बोनेटने धुऊन मिथेनॉलमध्ये अवक्षेपित करा. एमसीपीबीएपासून तयार होणारं क्लोरोबेन्झोइक आम्ल मागे राहिलं तर एपॉक्साइड उघडून साठवणीतच जेल होतं.