चिकनमधलं अँटिबायोटिक पकडायची अँप्युल चाचणी

ब्रॉयलरच्या मांसात अँटिबायोटिक उरलंय का, हे कमी खर्चात पाहायची ही चाचणी जिवाणूंच्या जोरावर चालते. अँप्युलमधल्या (छोट्या कुपीतल्या) जांभळ्या अगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस या जिवाणूचे बीजाणू असतात. ६४ अंश सेल्सिअसला ते वाढतात, आम्ल तयार होतं आणि अगार पिवळा पडतो. औषध असेल तर वाढ खुंटते, रंग जांभळाच राहतो.

छातीचा साधारण २ घन सेंमी तुकडा घ्या. हाड नको: टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक कॅल्शियमला धरून हाडात साठतं. मीठ-मसाला लावलेलं मांसही नको, मिठानेच जिवाणू दबतात. तुकडा लसूण दाबायच्या चिमट्यात दाबून रस काढा. रस निघत नसेल तर तुकडा गोठवून वितळवा, मग सुटतो. चिमट्यावर साबणाचा अंश राहिला तर निर्दोष कोंबडीसुद्धा दोषी ठरते, म्हणून शेवटी डिस्टिल्ड वॉटरने खळखळून धुवा.

१०० मायक्रोलिटर रस अगारवर सोडा. २० मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवा, तेवढ्यात औषध अगारमध्ये झिरपतं. मग डिस्टिल्ड वॉटरने अँप्युल दोनदा धुवा, फॉइल लावा आणि ६४ अंशांच्या ब्लॉक हीटरमध्ये ठेवा. सोबत खात्रीने औषधमुक्त मांसाच्या रसाची एक अँप्युल हवीच. साधारण तीन तास लागतात, पण घड्याळ बघून काढू नका. ही औषधमुक्त अँप्युल पिवळी झाली की लगेच सगळ्या बाहेर काढून वाचा. लवकर काढल्या तर सगळंच जांभळं दिसतं. उशीर केला तर थोडं औषध असलेला नमुनाही पिवळा पडतो. रंग अगारच्या खालच्या दोन तृतीयांश भागातच पाहा.

जांभळा निकाल म्हणजे फक्त संशय. औषध कोणतं, किती, हे प्रयोगशाळेतल्या एलसी-एमएस/एमएस या रेणू ओळखून मोजणाऱ्या यंत्रावरच कळतं. त्यासाठी उरलेला तुकडा उणे २० अंशांना ठेवा.

पिवळ्यावरही फार विसंबू नका. एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक पोल्ट्रीत सर्रास वापरतात, पण हा जिवाणू त्याला दाद देत नाही. युरोपीय संघात त्याची मर्यादा, शरीरात त्यापासून बनणारं सिप्रोफ्लॉक्सॅसिन धरून, मांसात किलोमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. एन्रोफ्लॉक्सॅसिनसाठी ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूची प्लेट वेगळी लावा. नायट्रोफ्युरान गटातली औषधं (उदा. फ्युराझोलिडोन) तर इथे दिसतच नाहीत. मूळ औषध काही तासांत नाहीसं होतं; शरीरात त्यापासून बनणारे अंश (मेटाबोलाइट) मात्र प्रथिनांना चिकटून आठवडे टिकतात. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर ‘फ्युराझोलिडोन’ नव्हे, त्याचा मेटाबोलाइट ‘एओझेड’ लिहा, नाहीतर रिपोर्ट कोराच येतो.