जुनी डिझेल पिकअप मध्येच बंद पडते?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून आंबा घाट चढताना गाडी बंद पडली, तर नुसता स्टार्टर मारत बसू नका. चाकाला दगड लावा आणि डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबून बघा. मऊ लागला, तर लाइनमध्ये हवा शिरतेय किंवा डिझेल पुढे येत नाही. तडकलेले रबरी पाइप, सैल क्लिप, तुंबलेला फिल्टर बघा. पावसाळ्यात फिल्टरमधलं पाणीही काढा.

पंप कडक असेल, तर चावी चालू ठेवून स्टॉप सोलेनॉइडला (इंजिनचं डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) १२ व्होल्ट येतात का, ते टेस्ट लॅम्पने तपासा. अर्थिंगही बघा: आपल्याकडे मासळीचं खारं पाणी चेसीवर गळतं, अर्थिंगची वायर (बॅटरी आणि इंजिन चेसीला जोडणारी) आतून गंजून हिरवी पडते. वरून ती ठणठणीतच दिसते, म्हणून टोक सोडवून, घासूनच खात्री करा.