जुन्या ट्रॅक्टरला बाहेरचं हायड्रॉलिक जोडताना

जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट चांगली चालत असते, पण पलटी नांगराचा जॅक किंवा टिपिंग ट्रॉली जोडायला मागे कपलर (होज जोडायची तोंडं) नसतातच. अशा वेळी बहुतेक जण आधी व्हॉल्व आणि होज आणतात. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: तेल कुठून घ्यायचं आणि परत कुठे सोडायचं? काम बिघडतं ते बहुतेक वेळा सक्शन (तेल ओढण्याच्या) आणि रिटर्नच्या (परतीच्या) बाजूला, दाबाच्या बाजूला क्वचितच.

ट्रॅक्टरचा स्वतःचा पंप आधी समजून घ्या. फर्ग्युसन टीई २० (१९४६ ते १९५६) आणि मॅसी फर्ग्युसन १३५ (१९६४ ते १९७५) या घराण्यात पिस्टन पंप मधल्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या (मागच्या अवजारांना फिरवणाऱ्या) शाफ्टवर फिरतो. त्याचा ताबा सक्शनच्या बाजूला असतो, म्हणजे लिव्हर मध्यावर असताना पंप तेल ओढतच नाही. शाफ्ट थांबला की पंपही थांबतो. एकाच क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला की ट्रॉली अर्ध्यात थांबते ती यामुळेच. गिअर पंप असलेल्या ट्रॅक्टरचं वागणं वेगळं, तिथे इंजिन चालू आहे तोवर तेल फिरतच राहतं.

१३५ सारख्या ट्रॅक्टरवर सीटखाली लिफ्टच्या झाकणावरची ट्रान्सफर प्लेट काढून तिथे डायव्हर्टर (तेलाची वाट बदलणारा) आणि स्पूल व्हॉल्व (लिव्हरने जॅककडे तेल सोडणारा) बसवता येतो. बाहेरचं काम करताना पोझिशनचा लिव्हर ‘कॉन्स्टंट पंपिंग’च्या खुणेवर न्यायचा आणि काम संपताच मागे आणायचा. तो तिथेच राहिला आणि तेलाला परतीची वाट नसली, तर सगळं तेल रिलीफ व्हॉल्वमधून (जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्वमधून) घुसत तापतं.

या पद्धतीत भाग कमी लागतात, पण एक धोका आहे. गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचं तेल एकच असतं. ट्रॉलीचा मोठा जॅक पूर्ण उघडला की हाउसिंगमधलं काही लिटर तेल बाहेर जातं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि तो हवा ओढू लागतो. शिवाय ट्रॉलीतली घाण आणि पाणी थेट गिअरमध्ये येतं. लहान जॅकसाठी हा मार्ग ठीक आहे. ट्रॉलीसाठी वेगळा पंप आणि वेगळी टाकी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वेगळ्या पंपाचा हिशोब

६३ मिमी बोअर (आतला व्यास) आणि ५०० मिमी स्ट्रोकचा (दांड्याच्या चालीचा) जॅक घेऊ. पिस्टनचं क्षेत्रफळ ३१.२ चौरस सेंमी, म्हणजे भरायला सुमारे १.५६ लिटर तेल. १४० बार दाबाला तो साधारण ४,४०० किलो ढकलतो. मिनिटाला २० लिटर मिळाले तर पावणेपाच सेकंदांत उघडतो. हाच हिशोब उलटा केला की जुन्या पंपाची ताकदही कळते. तोच जॅक रिकामा उघडायला ६ सेकंद लागले, तर पंप मिनिटाला साधारण साडेपंधरा लिटर देतोय.

१६ सीसीचा (एका फेरीत १६ सीसी तेल देणारा) गिअर पंप मिनिटाला १,५०० फेऱ्यांना कागदावर २४ लिटर देतो. पीटीओ ५४० फेऱ्यांचा, म्हणून मध्ये १:३ चा वेग वाढवणारा गिअरबॉक्स लागतो. पीटीओवर टांगलेल्या पंपाला फिरू न देणारी साखळी किंवा आर्म हवाच, नाहीतर पंप स्वतःच गरगरतो आणि होज तोडतो. क्रँकच्या पुढच्या पुलीवरून पंप फिरवायचा असेल तर रबरी स्पायडरची कपलिंग वापरा आणि दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणा. रेष चुकली की आधी पंपाचं सील जातं, मग बेअरिंग. १४० बार आणि २४ लिटरसाठी इंजिनाचे साधारण ९ हॉर्सपॉवर जातात, हे लहान ट्रॅक्टरवर लक्षात ठेवा.

पंप घेताना फिरण्याची दिशा बघा. उलट फिरवलेल्या गिअर पंपाचं शाफ्टचं सील पहिल्याच मिनिटात बाहेर येतं.

टाकी ४० लिटरची ठेवा. सक्शन आणि रिटर्नची तोंडं टाकीच्या दोन टोकांना, मध्ये आडवी पट्टी, आणि रिटर्नचा पाइप तेलाच्या पातळीखाली सोडा. वरून धार पडली की फेस होतो. टाकी पंपापेक्षा उंच असेल तर उत्तम. झाकणाला श्वासाचा फिल्टर हवा. सक्शनला १२५ मायक्रॉनची जाळी, रिटर्नला १० ते २५ मायक्रॉनचा फिल्टर. वेगळ्या टाकीत व्हीजी ४६ चं (हा तेलाच्या दाटपणाचा आकडा) हायड्रॉलिक तेल चालतं. हाउसिंगमधलंच तेल वापरत असाल तर ट्रॅक्टरला सांगितलेलंच तेल ठेवा.

पाइपांची मापं तेलाच्या वेगावरून ठरतात. २४ लिटरला सक्शन २५ मिमी, रिटर्न १९ मिमी, दाबाची लाइन १२ मिमी. सक्शनची होज आतून स्प्रिंगची तार असलेलीच हवी, नाहीतर ओढीने चपटी होते. दाबाच्या बाजूला दोन जाळ्यांची आर २ होज घ्या. अर्धा इंची आर २ ला २७५ बार चालतो, एका जाळीच्या आर १ ला १६० बार. होज वाकवताना त्रिज्या १८० मिमीपेक्षा कमी नको. पाण्याचा गॅल्व्हनाइज्ड पाइप कधीही लावू नका. तो या दाबाचा नाहीच, शिवाय जस्ताचे पापुद्रे सुटून स्पूल अडकवतात.

आटे दोनदा तपासा. जुन्या ट्रॅक्टरवर बीएसपी (ब्रिटिश), एनपीटी (अमेरिकी) आणि मेट्रिक आटे शेजारी शेजारी भेटतात. दोन आटे ओढून बसले म्हणजे जुळले असं नाही. सरळ आट्यांना बाँडेड वॉशर (रबराची कड असलेली धातूची चकती) लावा. टेफ्लॉन टेप तिथे नकोच, तिचे तुकडे थेट स्पूलमध्ये जातात.

व्हॉल्व

गिअर पंपाला ओपन सेंटर व्हॉल्वच (लिव्हर मध्यावर असताना तेल टाकीकडे जाऊ देणारा) लागतो. ट्रॉलीला सिंगल ॲक्टिंग (एकाच बाजूने दाब देणारा), नांगराच्या पलटीला डबल ॲक्टिंग (दोन्ही बाजूंनी). डबलच्या व्हॉल्ववर ट्रॉली चालवायची असेल तर दुसरं तोंड प्लगने बंद करू नका, टाकीकडे वळवा. बंद केलं की ट्रॉली खाली सोडताना दरवेळी पंपाचं तेल रिलीफवरून जातं.

व्हॉल्वच्या पुढे ट्रॅक्टरची लिफ्ट जोडायची असेल तर पॉवर बियाँड स्लीव्ह (दाबाचं तेल पुढे नेणारी वेगळी वाट) बसवावीच लागते. स्लीव्हशिवाय टाकीच्या तोंडावरून पुढे दाब नेला तर व्हॉल्वचं सील फुटतं, कधी कास्टिंगलाच तडा जातो.

पंप आणि व्हॉल्वच्या मध्ये रिलीफ नसेल तर इंजिन सुरूच करू नका. व्हॉल्वमध्येच असेल तर चालतं. रिलीफचा दाब लावताना टीवर (तीन तोंडांच्या जोडावर) २५० बारचा गेज बसवा, स्क्रू पूर्ण सैल करा, इंजिन मध्यम ठेवा. जॅक शेवटपर्यंत नेऊन लिव्हर ३-४ सेकंदच धरा आणि काटा वाचा. लिव्हर सोडून पाव आटा आवळा, पुन्हा वाचा. १४० बारला काटा थांबला की लॉकनट आवळा. जुनी सीलं आणि जुना जॅक बघता याच्या वर जाण्यात शहाणपण नाही.

पहिली सुरुवात

पंपात हाताने तेल ओता, सक्शन भरा. इंजिन ५ मिनिटं हळू चालू द्या. मग रिकामा जॅक पाच-सहा वेळा पूर्ण उघडा-मिटा आणि पातळी जॅक मिटलेला असतानाच बघा.

आवाजावरून बरंच कळतं. बारीक किणकिण आली आणि तेल दुधासारखं दिसलं तर सक्शनचा कुठला तरी जोड हवा ओढतोय. तिथे तेल बाहेर गळत नाही, म्हणून सापडत नाही. क्लिपवर तेल ओतून बघा, आवाज बदलला की तोच जोड. पंप करकरतो पण फेस नाही, तर जाळी तुंबली आहे किंवा सक्शनचा पाइप बारीक आहे. टाकीला हात लावता येत नाही इतकं तेल तापलं, तर कुठेतरी रिलीफ सतत उघडा आहे. लिव्हर मध्यावर असताना ट्रॉली हळूहळू बसते, तर आधी ती लाइन व्हॉल्वपाशी बंद करून बघा. तरीही बसली तर जॅकचं सील, थांबली तर स्पूल. घासलेल्या स्पूलवर पायलट चेक व्हॉल्व (दाबाने उघडल्याशिवाय तेल परत न सोडणारा) हा चांगला उपाय आहे.

कपलर लागत नसेल तर हातोडी मारू नका. इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवा, अडकलेला दाब उतरतो. कपलर जोडण्याआधी टोकं पुसा आणि काढले की टोपी लावा.

सुईच्या टोकाएवढी गळती बोटाने शोधू नका, पुठ्ठा फिरवा. या दाबाचं तेल कातडीत शिरतं. जखम डास चावल्यासारखी दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही, तरी लगेच रुग्णालयात जाऊन ‘दाबाचं तेल आत गेलंय’ असं सांगा, कारण तिथे शस्त्रक्रियाच लागते आणि उशीर झाला तर बोट जातं. उचललेल्या ट्रॉलीखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय जाऊ नका, लिव्हर लॉक असला तरीही.