अमेरिकी महाविद्यालयाचे आर्थिक साहाय्य कसे ठरते आणि ‘अवॉर्ड लेटर’ कसे वाचावे

मार्चअखेरीस अमेरिकेतील महाविद्यालयांची प्रवेशपत्रे येऊ लागली की तिथल्या मराठी घरांत एकच प्रश्न विचारला जातो, “कितीची स्कॉलरशिप मिळाली?” प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. प्रवेशाबरोबर येणाऱ्या आर्थिक साहाय्याच्या पत्रातला, म्हणजे ‘अवॉर्ड लेटर’मधला, मोठा आकडा बहुधा गुणवत्तेचे बक्षीस नसतो, तर एका वजाबाकीचे उत्तर असतो, आणि त्यात पुढे फेडावयाचे कर्जही बेमालूम मिसळलेले असते. हार्वर्ड, येल यांसारख्या नामवंत विद्यापीठांच्या ‘आयव्ही लीग’ गटातील आठही विद्यापीठे तर गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथे केवळ गरज पाहिली जाते.

वजाबाकीचा वरचा आकडा म्हणजे वर्षाचा एकूण खर्च, ज्याला ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’ म्हणतात. त्यात फीबरोबर राहणे, जेवण, पुस्तके, प्रवास आणि किरकोळ खर्च यांचाही महाविद्यालयाने केलेला अंदाज धरलेला असतो. खालचा आकडा म्हणजे ‘स्टुडंट एड इंडेक्स’, थोडक्यात एसएआय. हा ‘फॅफ्सा’ या सरकारी अर्जातून निघतो आणि २०२४-२५ पासून त्याने जुन्या ‘ईएफसी’ची (कुटुंबाकडून अपेक्षित वाट्याच्या आकड्याची) जागा घेतली आहे. एकूण खर्चातून एसएआय वजा केला की उरते ती विद्यार्थ्याची गरज. एसएआय म्हणजे आपल्याला नेमके तेवढेच भरावे लागेल, असा समज मात्र करून घेऊ नये.

एसएआयमध्ये सर्वांत जड पारडे उत्पन्नाचे असते, आणि तेही दोन वर्षे जुन्या उत्पन्नाचे. २०२६ च्या शरद ऋतूत प्रवेश घेणाऱ्यांसाठी २०२४ चे कर विवरण पाहिले जाते, म्हणजेच हिशेबाचे वर्ष मुलगी दहावीत असतानाच सुरू झालेले असते. त्या वर्षी शेअर विकून मोठा नफा घेतला, तर तो या हिशेबात धरला जातो. उत्पन्नातून कर आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी ठरवलेली रक्कम वजा होते आणि उरलेल्या भागावर चढत्या दराने, २२ पासून ४७ टक्क्यांपर्यंत, पालकांचा वाटा काढला जातो. भारतातील आईवडिलांना दरमहा पाठवलेल्या पैशाची वजावट या सूत्रात नाही.

मालमत्तेचा विचार अर्ज भरण्याच्या दिवशीच्या किमतीने होतो. पालकांच्या बचतीतील जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग एसएआयमध्ये येतो, तर विद्यार्थ्याच्या नावावरील पैशातून सरळ २० टक्के धरले जातात. त्यामुळे आजीने प्रेमाने नातवाच्या नावे ठेवलेली मुदत ठेव या हिशेबात महाग पडते, तर पालकांच्या मालकीचे ‘५२९’ खाते (शिक्षणासाठीचे करसवलतीचे बचत खाते) पालकांच्याच मालमत्तेत गणले जाते. राहते घर आणि निवृत्तीची खाती फॅफ्सामध्ये मोजली जात नाहीत.

आपल्या लोकांची गफलत होते ती इथेच. पुण्यातील रिकामा किंवा भाड्याने दिलेला फ्लॅट आणि एनआरई खात्यातील (अनिवासी भारतीयांच्या भारतातील बँक खात्यातील) ठेवी परदेशात असल्या तरी नोंदवाव्या लागतात. फ्लॅटची आजची बाजारभावाने किंमत धरून त्यावरील कर्ज वजा करायचे आणि मालकी सामायिक असल्यास आपला वाटा डॉलरमध्ये दाखवायचा. “तिकडचे इथे कोणाला कळते?” हा सल्ला हमखास मिळतो, पण तो ऐकू नये, हा अर्ज सही करून दिलेले निवेदन आहे आणि महाविद्यालय पडताळणीसाठी कागदपत्रे मागू शकते.

अनेक खासगी महाविद्यालये फॅफ्साबरोबर ‘सीएसएस प्रोफाइल’ हा आणखी एक, अधिक तपशिलाचा अर्जही मागतात. आपल्या तिजोरीतील पैसा ती स्वतःच्या सूत्राने वाटतात, आणि त्यात अनेक ठिकाणी राहत्या घराची किंमतही विचारात घेतली जाते. म्हणूनच एकाच कुटुंबाला दोन ठिकाणांहून अगदी वेगळी उत्तरे येतात. प्रत्येक महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’, म्हणजे साहाय्य वजा जाता किती खर्च उरेल याचा अंदाज देणारा तक्ता, अर्ज करण्यापूर्वीच भरून पाहावा.

सरकारी साहाय्य नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि आणखी काही ठरावीक गटांनाच मिळते. एच-४ (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावरील मुलांना ते मिळत नाही. त्यांची आशा महाविद्यालयांच्या स्वतःच्या निधीवर असते, आणि बहुतेक ठिकाणी अशा मुलांची ऐपत प्रवेश देतानाच पाहिली जाते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट यांसारखी मोजकी नावे याला अपवाद आहेत.

गरज ठरली की ती कशाने भरायची हे महाविद्यालय ठरवते. ग्रँट आणि शिष्यवृत्ती परत करावी लागत नाही. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी पेल ग्रँटची कमाल रक्कम २०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर आहे. ‘वर्क-स्टडी’ म्हणजे काम करून मिळवायचे वेतन असते, त्यामुळे ते फीच्या बिलातून आपोआप वजा होत नाही. सरकारी कर्ज पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंत मिळते, आणि त्यातील ज्या भागाचे शिक्षणकाळातील व्याज सरकार भरते तो ३,५०० डॉलरपर्यंतच असतो.

एक काल्पनिक हिशेब मांडू. एका कुटुंबाचा एसएआय २२,००० डॉलर आहे. राज्य विद्यापीठाचा खर्च ३६,००० असल्याने तिथली गरज १४,००० ठरते, पण विद्यापीठ ४,००० ची ग्रँट आणि ५,५०० चे कर्ज देऊन थांबते. खासगी महाविद्यालयाचा खर्च ८८,००० आहे आणि ते पूर्ण गरज भागवते. ६६,००० च्या साहाय्यात ५९,५०० ग्रँट, ३,५०० कर्ज आणि ३,००० वर्क-स्टडी आहे. एकूण खर्चातून केवळ ग्रँट वजा केली, तर पहिल्या ठिकाणी ३२,००० आणि दुसऱ्या ठिकाणी २८,५०० उरतात. महाग दिसणारे महाविद्यालय स्वस्त निघाले. हे नेहमी होत नाही, पण पत्रावर ‘एकूण साहाय्य’ म्हणून छापलेल्या बेरजेवरून ते कधीच कळत नाही.

नोकरी गेली असेल, आजारपणाचा मोठा खर्च आला असेल किंवा हिशेबाच्या वर्षातील उत्पन्न एकदाच मिळालेले असेल, तर आर्थिक साहाय्य कार्यालयाकडे फेरविचाराची विनंती करावी. अशा विशेष परिस्थितीत आकडे बदलण्याचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्यांना कायद्याने दिला आहे. पत्र लहान ठेवावे, बदललेले उत्पन्न आकड्यांत लिहावे आणि पुरावे जोडावेत. भारतातील आईवडिलांच्या उपचाराचा भार असल्यास तोही पावत्यांसह इथेच मांडावा. मान्य करायचा की नाही, हे ते कार्यालय ठरवते.

फॅफ्सा दरवर्षी नव्याने भरावा लागतो. त्यामुळे पत्र स्वीकारण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: ही ग्रँट चारही वर्षे मिळणार का, आणि बाहेरची एखादी शिष्यवृत्ती मिळाल्यास कपात कर्जातून होणार की ग्रँटमधून.