डिझाइनच्या विद्यार्थ्यांचा सामायिक स्टुडिओ नव्याने मांडताना

स्टुडिओत बसायला जागा नाही अशी ओरड सुरू झाली की पहिला विचार आणखी टेबलं आणण्याचा येतो. टेबलं वाढवण्याआधी आहेत त्यांच्यावर काय पडलंय ते पाहा. गोंद वाळत ठेवलेलं मॉडेल, सुरळी उलगडू नये म्हणून चार पुस्तकांखाली दाबलेली शीट, कालचे सनबोर्डचे (मॉडेलसाठीच्या हलक्या फोम बोर्डचे) तुकडे. माणूस उठून गेलेला असतो, काम तिथेच असतं. अर्धवट कामाला दुसरीकडे ठेवायची सोय नसली की ते टेबलावरच मुक्काम करतं आणि टेबलाचं कपाट होतं. म्हणून या मांडणीत पहिला मान अर्धवट कामाला आहे, खुर्च्या-टेबलांना त्यानंतर.

खालचे आकडे ३० विद्यार्थी आणि १२ मीटर × ९ मीटरची खोली धरून दिले आहेत. तुमची खोली वेगळी असेल तर हिशेबाची रीत तीच ठेवून आकडे बदला.

आधी मोजणी

खोलीचा नकाशा १:५० प्रमाणात काढा. दारं कोणत्या बाजूला उघडतात, खिडकीची कड जमिनीपासून किती उंच आहे, खांब, वीजेचे पॉइंट, पाण्याचा नळ, सगळं त्यात आलं पाहिजे. १२० × ७५ सें.मी.चं टेबल या प्रमाणात २४ × १५ मि.मी.चं होतं. जाड कागदातून अशी ३० टेबलं कापून घ्या आणि नकाशावर सरकवून पाहा. संगणकावरही हे होतं, पण कागदाचे तुकडे चौघे मिळून हलवू शकतात आणि वाद तिथल्या तिथे मिटतो.

मग एक साधा आठवडा आणि एक सबमिशनचा आठवडा, रोज दर तासाला एकाच कोपऱ्यातून फोटो काढा. प्रत्येक फोटोत तीन आकडे मोजा: बसून काम करणारे किती, उभ्याने करणारे किती, आणि माणूस नसताना अडलेली टेबलं किती. दुसऱ्या आकड्यावरून कटिंग टेबल किती लागतील ते कळतं, तिसऱ्यावरून रॅक किती मोठा हवा ते. ही मोजणी टाळून मांडणी केली तर ती सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्याच्या सोयीची होते.

जागेचा हिशेब

ए-१ शीट ५९४ × ८४१ मि.मी.ची असते. ती पसरून शेजारी लॅपटॉप किंवा अवजारं ठेवायची तर १२० × ७५ सें.मी.च्या खाली जाता येत नाही. खुर्ची मागे घ्यायला आणि मागून माणूस जायला आणखी ९० सें.मी. म्हणजे एका विद्यार्थ्यामागे १.२ × १.६५, जवळपास २ चौ.मी. तीस जणांचे ६०.

खोली १०८ चौ.मी.ची आहे. १.२ मीटर रुंदीची मुख्य वाट १४ घेते. २.४ × १.२ मीटरचं एक कटिंग टेबल, चारही बाजूंनी ९० सें.मी. मोकळं ठेवून, साडेबारा घेतं. सहा मीटर लांबीचा रॅक आणि त्यापुढची उभं राहायची जागा मिळून आठ. ओल्या कामाचा कोपरा चार. उरतात नऊ चौ.मी., आणि पिन-अपला, म्हणजे भिंतीवर शीट टाचून होणाऱ्या चर्चेला, तीस जण समोर बसायचे तर पंचवीसच्या आसपास लागतात.

ही तूट लपवू नका, कारण पुढचा मोठा निर्णय इथूनच निघतो. पिन-अपच्या भिंतीसमोरची आठ टेबलं चाकांची करा आणि बाकीची पक्की ठेवा. आठ टेबलं बाजूला गेली की १६ चौ.मी. मोकळे होतात आणि हिशेब जुळतो. सगळीच टेबलं चाकांवर घेण्याचा मोह होतो, तो आवरा. ब्रेक लावलेलं चाकही किंचित डुलतं आणि बारीक रेघ मारताना ते जाणवतं.

चाकं ७५ मि.मी. व्यासाची घ्या, चारही ब्रेकची. टेबल आणि सामान यांचं वजन चाराने न भागता तिनाने भागा आणि तेवढी क्षमता असलेलं चाक निवडा. जमीन कधीच पुरती सपाट नसते, एक चाक बहुधा अधांतरी राहतं. चाक आणि त्याचा सांगाडा मिळून उंची साधारण १० सें.मी.ने वाढते. पाय तेवढे आखूड करून घेतले नाहीत तर ७५ सें.मी.चं टेबल ८५ चं होतं आणि खुर्चीत बसणाऱ्याचे खांदे वर चढतात.

स्वच्छ, धुळीचं आणि ओलं काम

खिडकीजवळ ड्रॉइंग आणि लॅपटॉप, मध्ये कटिंग, दूरच्या टोकाला घासकाम आणि फोम कापणं. पण नुसतं अंतर पुरत नाही, हवेची दिशा ठरवावी लागते. हवा स्वच्छ बाजूने आत यावी आणि धुळीच्या बाजूने बाहेर जावी. एक्झॉस्ट पंखा लावताना हमखास चुकतं ते इथे: खिडक्या घट्ट बंद, पंखा जोरात फिरतोय आणि हवा हलत नाही, कारण आत यायला वाटच नाही. पंख्याच्या समोरच्या टोकाला झडप किंवा उघडी फट हवीच. थर्माकोल गरम तारेने कापताना निघणारा धूर याच पंख्याखाली जायला हवा. तार लाल होईपर्यंत तापवू नका, जास्त तापली की कापण्याऐवजी जाळते आणि धूर वाढतो.

स्प्रे पेंट आणि स्प्रे गोंद स्टुडिओत अजिबात नकोत, खिडकी उघडून ‘फक्त दोन मिनिटं’ सुद्धा नको. बारीक थेंब हवेत तरंगत दूरवर जाऊन बसतात, जमीन चिकट होते. सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते आणि ठिणगी मिळाली तर पेटते. हे काम उघड्यावर किंवा धूर बाहेर नेणाऱ्या स्प्रे बूथमध्येच. लेझर कटर असेल तर त्यात पीव्हीसी आणि रेक्झिन कधीही घालू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, जो फुप्फुसाला घातक आहे आणि मशीनचे लोखंडी भागही गंजवतो. कोणतं साहित्य चालतं याची यादी मशीनच्या झाकणावरच चिकटवा.

प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याखालीही घट्ट होतं, त्यामुळे ते सिंकमध्ये गेलं की पाइप बुजलाच समजा. सिंकखाली गाळ बसायची टाकी घ्या आणि शेजारी दोन बादल्या ठेवा: पहिलीत हात आणि भांडी खळबळायची, दुसरीत धुवायची. गाळ तळाशी बसला की वरचं पाणी ओतायचं, गाळ कचऱ्यात.

कटिंग टेबल

ओढून कापणं खांद्याच्या जोरावर होतं, त्यामुळे ते उभ्याने करायचं काम. टेबलाची उंची कोपरापेक्षा ५ ते १० सें.मी. खाली हवी. बहुतेकांना ९० सें.मी. जमते, उंच असणाऱ्यांना ९५. व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी एक टेबल ७५ सें.मी. उंचीचं ठेवा, त्याखाली गुडघ्यांना ७० सें.मी. मोकळी उंची आणि वळायला दीड मीटर व्यासाची जागा.

वरचा पाट २५ मि.मी. प्लायवूडचा, किंवा १८ मि.मी.चे दोन थर. त्यावर ३ मि.मी. हार्डबोर्डचा बदलता थर, फक्त कडेने दुहेरी टेपने चिकटवलेला. स्क्रू नकोत, एखादं पातं त्यावर आपटून तुटतं. हार्डबोर्डवर जुन्या कापांच्या खोबणी पडल्या की पातं आखलेली रेघ सोडून खोबणीत शिरतं. रेघ वाकडी जाते आणि दोष हाताला लागतो. बोट फिरवून खोबणी जाणवली की थर बदला. त्यावर ए-१ आकाराच्या दोन कटिंग मॅट ठेवा. त्या उन्हात राहिल्या किंवा गरम ग्लू गन खाली टेकवली की वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. म्हणून ग्लू गनला वेगळी जागा: टेबलाच्या टोकाला एक फरशी, त्यावर स्टँड.

चारही बाजूंनी मोकळीक कशाला? हात टेबलावर साधारण ६० ते ७० सें.मी. पोचतो. १२० सें.मी. रुंदीचं टेबल भिंतीला लावलं की मागची अर्धी बाजू कापायला निरुपयोगी होते आणि तिथे सामान साठतं.

स्टीलच्या पट्ट्या एक मीटरच्या तीन, ६० सें.मी.च्या तीन, खालून कॉर्क लावलेल्या. प्लास्टिकची पट्टी कापायला वापरू देऊ नका. पातं तिची कड सोलतं, मग त्या कडेवरून आखलेली प्रत्येक रेघ बिघडते. टेबलाच्या टोकाला खिळे ठोकून प्रत्येक पट्टीची बाह्यरेषा रंगवून घ्या, कोणती गायब आहे ते लांबूनच दिसतं. शेजारी झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा, वापरलेल्या पात्यांसाठी. इथे कंजुषी अंगाशी येते: बोथट पात्यावर जोर जास्त लावावा लागतो, आणि जोर लावला की ते निसटतं. पाती भरपूर ठेवा आणि पात्याचं बोथट टोक तोडायला प्रोत्साहन द्या.

तुकड्यांसाठी एकच नियम पुरतो. ए-४ पेक्षा मोठा तुकडा उभ्या खोक्यात, लहान असेल तर कचऱ्यात. नियम नसला तर बोटाएवढी पट्टीही ‘कधीतरी लागेल’ म्हणून राहते.

अर्धवट कामाचा रॅक

प्रत्येकाला एक खण: ६० सें.मी. रुंद, ४५ खोल, ४० उंच. चार थर आणि दहा स्तंभ केले की सहा मीटर लांबीत ४० खण बसतात. तीस विद्यार्थ्यांचे, दहा गटकामाचे. जड मॉडेल खालच्या थरात. मॉडेलचा पाया ५५ × ४० सें.मी.पेक्षा मोठा नको, हे प्रोजेक्ट देतानाच सांगा. नंतर सांगितलं तर मॉडेल पुन्हा टेबलावरच येतं. रॅकला दारं लावू नका, दाराआडचं काम विसरलं जातं. कुलूप हवं ते अवजारांना, त्यासाठी ३० × ३० × ४५ सें.मी.चे लॉकर वेगळे.

सुतार उभ्या फळ्या वाचवायला १२० सें.मी.चे खण सुचवेल. नको म्हणा. फळीवर सारखाच भार पसरलेला असेल तर आधारांमधलं अंतर दुप्पट झाल्यावर फळी सोळापट लवते. ६० सें.मी.ला १८ मि.मी. प्लायवूड मजेत टिकतं.

शीट सपाट ठेवा. सुरळी केलेला कागद पिन-अपच्या वेळी गोल होतो आणि कोपऱ्यांना आठ टाचण्या लागतात. आतून ९० × ६५ सें.मी.चे दहा खण, तिघांत एक, प्रत्येकाची खोली फक्त ५ सें.मी.; खण जास्त खोल केला तर तळाची शीट वर्षभर वर येत नाही. माउंटबोर्ड उभे ठेवायचे, पण कप्पे ८ ते १० सें.मी.पेक्षा रुंद नकोत, बोर्ड तिरके कलतात आणि वाकतात. रंग आणि गोंद वाळायला जाळीच्या आठ फळ्या, हवा खालूनही लागते.

खणात ठेवलेल्या प्रत्येक वस्तूवर मास्किंग टेप, नाव आणि तारीख. गटाच्या खणांची मुदत १४ दिवस.

उजेड आणि वीज

टेबलावर ५०० लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक), तांत्रिक ड्रॉइंगला आणि कटिंगला ७५०. लक्स मीटर नसेल तर फोनवरचं ॲप अंदाजापुरतं चालतं. दिवा पाठीमागे असला की स्वतःची सावली कागदावर पडते, म्हणून दिव्यांच्या ओळी टेबलांच्या वर आणि खिडकीला समांतर, प्रत्येक ओळीला वेगळा स्विच. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून हवा. डावखुऱ्यांना उलट बाजूच्या जागा आधीच विचारून द्या, नाहीतर ते वर्षभर हाताच्या सावलीत रेघा मारतात.

सगळे दिवे ४००० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचा आकडा) आणि ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयचे (सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा). एखादा दिवा जळाला तर बदलताना तोच आकडा पाहा. रंग तपासायला ५००० केल्विनचा एक दिवा, मागे करडी भिंत. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात वेगळे दिसतात, त्यासाठी हा कोपरा. भिंती भडक रंगवू नका, त्यांची छटा पांढऱ्या कागदावर उतरते.

प्रत्येक टेबलाला दोन सॉकेट. लॅपटॉप ६५ ते १०० वॉट घेतो, हीट गन १५०० ते २०००. २३० व्होल्टच्या १६ ॲम्पिअर सर्किटवर ३६८० वॉट मिळतात, म्हणजे दोन मोठ्या हीट गन एकाच वेळी चालल्या की सर्किट क्षमतेबाहेर जातं, त्यात लॅपटॉपची भर पडली की एमसीबी (जास्त भार आल्यावर वीज तोडणारा स्विच) पडू शकतो आणि शेजारच्याचं सॉकेटही बंद होतं. तापणाऱ्या अवजारांना वेगळं सर्किट द्या आणि त्यावर लाल दिवा लावा, म्हणजे चालू राहिलेली ग्लू गन दारातून दिसते. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडायचं नाही. वायर जमिनीवरून न नेता टेबलांच्या मधल्या पट्टीतून न्या.

पिन-अपची भिंत

बिनखिडक्यांची सगळ्यात लांब भिंत घ्या. १२ मि.मी. सॉफ्टबोर्ड, जमिनीपासून ९० सें.मी.वर सुरू होऊन २.१ मीटरवर संपणारा, म्हणजे मध्य दीड मीटरवर, उभ्या माणसाच्या नजरेत. दोन उभ्या ए-१ शीट शेजारी लावल्या की १.२ मीटर लागतात, त्यामुळे सहा मीटरवर एका वेळी पाच जण. भिंतीला थेट चिकटवू नका, ओल लागली की बोर्ड फुगतो. लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर बसवा. वर करडं कापड लावलं तर टाचण्यांची भोकं दिसत नाहीत, आणि खोलीतला घुमारही थोडा कमी होतो.

कामाचा क्रम

आधी जमिनीवर मास्किंग टेपने पूर्ण मापात आराखडा काढा आणि जुनंच सामान तसं लावून तीन दिवस काम चालू ठेवा. कुठे धडका बसतात ते लगेच कळतं. दार उघडताना कोणाच्या खुर्चीला लागत असेल किंवा बाहेर पडायच्या वाटेत रॅक येत असेल तर तो आता हलवणं सोपं आहे. मग वायरिंग, एक्झॉस्ट आणि नळ, त्यानंतर भिंत आणि रॅक, टेबलं सगळ्यात शेवटी. टेबलं आधी आली की इलेक्ट्रिशियन त्यांना वळसे घालत वायर ओढतो आणि त्या वाकड्या वायर पुढची कित्येक वर्षं तशाच राहतात.

सहा आठवड्यांनी तासागणिक फोटो पुन्हा काढा. माणूस नसताना अडलेली टेबलं कमी झाली नसतील तर रॅकपाशी जा आणि टेपवरच्या तारखा वाचा. बहुधा खण गेल्या सत्रातल्या, गुण मिळून गेलेल्या मॉडेलनी भरलेले सापडतील. त्यांचे चांगले फोटो काढून घ्या, ठेवायची आहेत ती घरी पाठवा, बाकीची सुटी करून फोम आणि बोर्ड तुकड्यांच्या खोक्यात टाका. नवा रॅक मागवायचा की नाही ते त्यानंतर ठरवा.