बाहेरचं की डोक्यातलं? घरात कोणी वेगळं वागायला लागलं तर आधी काय बघायचं

आमच्या राजापूर साईडला कोणी जरा विचित्र वागायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला, "बाहेरचं काय नाय ना?" मग नारळ, कौल, देवरशी (म्हणजे बाहेरच्यावर उपाय सांगणारा), कोंबडा. माझ्या मामाचं दीड वर्ष यातच गेलं म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, पण तेव्हापासून रत्नागिरीच्या एवढ्या फेऱ्या मारल्यात आणि एवढं वाचलंय की सुरुवात कुठून करायची तेवढं तरी नीट सांगता येईल.

आधी वेगळं वागणं कुठलं आणि आजार कुठला ते बघा. जत्रेत देवळात एखाद्याच्या अंगात अवसर येतो, तो थरथरतो, हुंकार देतो, ढोल थांबले की तांब्याभर पाणी पितो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप काजू गोळा करायला जातो. हा आजार नाही, सगळ्या गावाला ते माहीत असतं, वेळ ठरलेली असते आणि माणूस परत आपल्या कामाला लागतो. अमेरिकेतल्या मानसोपचार डॉक्टरांच्या संघटनेचं निदानाचं पुस्तक आहे ना, डीएसएम-5, 2013 चं, त्यातसुद्धा धर्माच्या रूढ रीतीत बसणाऱ्या अंगात येण्याला आजार धरत नाहीत. पण तोच माणूस रात्री दोन वाजता एकटाच स्वयंपाकघरात कोणाला तरी उत्तरं देतोय, बागेत जाणं सोडलंय, जेवणात काहीतरी घातलंय म्हणून ताट सरकवतोय, तर मामला वेगळा.

स्वतःला विचारायचं ते एवढंच, त्याला स्वतःला किंवा घरच्यांना त्रास होतोय का, रोजची कामं अडलीत का, किती दिवस चाललंय, आणि जिवाला धोका आहे का. "चारचौघांसारखं नाही" एवढ्यावर कोणाला वेडा ठरवू नका हां, याच डीएसएमच्या जुन्या आवृत्त्यांनी 1973 पर्यंत समलैंगिकतेला आजार म्हटलं होतं, मग काढून टाकलं. चारचौघंही चुकतात आणि पुस्तकंही. किती दिवस हा मुद्दा लोक विसरतात. एक-दोन दिवस उदास असणं म्हणजे डिप्रेशन नाही, त्यासाठी निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन मेलेलं लागतं आणि सोबत झोप, भूक, ताकद, लक्ष यातलं बरंच काही बिघडलेलं असतं.

मग एक वही घ्या. कधी सुरू झालं, हळूहळू की एकदम, झोप किती, जेवण किती, कुठल्या गोळ्या चालू, दारू किती आणि शेवटची कधी, नात्यात आधी कोणाला असं झालं होतं का. आम्ही ही वही केली नव्हती, डॉक्टरनी विचारलं कधीपासून, तर मामी म्हणे आषाढापासून आणि आजी म्हणे गेल्या शिमग्यापासून, आणि दोघी तिथेच भांडायला लागल्या.

"एकदम" या शब्दावर जरा थांबतो. वर्षानुवर्षं पिणारा माणूस अचानक दारू सोडतो आणि दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, भिंतीवर किडे नाहीतर माणसं दिसायला लागतात, गाव म्हणतं भूत लागलं. ते दारू तुटल्याचं असतं, त्यात जीव जाऊ शकतो, लगेच हॉस्पिटल. तसंच बाळंतीण. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत बाई झोपेनाशी झाली, भलतंच बोलायला लागली तर "झपाटली" म्हणून खोलीत कोंडू नका, तिला आणि बाळाला दोघांनाही धोका असतो, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आणि कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज मुलाला ओळखत नाहीत, संध्याकाळ झाली की जास्त बडबडतात, तर लघवीचं इन्फेक्शन नाहीतर अंगातलं सोडियम कमी झालेलं असू शकतं. थायरॉईडचा बिघाड, बी12 जीवनसत्त्वाची कमतरता हेही मनाचं सोंग घेऊन येतात. म्हणून चांगला डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतो, त्याला "पैसे काढतोय" म्हणू नका, मी म्हटलं होतं.

आता हे का होतं. आपल्याला एकच कारण हवं असतं, आणि तिथेच घोळ होतो. पाऊस सगळ्यांच्याच गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पडतो, पण ज्याचा पाया आधीच खचलेला असतो तो ढासळतो, तसं समजा. पाया म्हणजे रक्तातून आलेलं, मेंदूतली रसायनं, लहानपणीचे घाव. पाऊस म्हणजे आंबा गेला, कर्ज, पोरं मुंबईला आणि एवढ्या मोठ्या घरात एकटं, दारू, गांजा. नुसतं रक्तातलंच असतं तर एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया (भास आणि खोटे संशय येणारा आजार) झाल्यावर दुसऱ्यालाही झालाच पाहिजे होता, प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळा होतो. पण रक्ताचा संबंधच नाही म्हणाल तर तेही खोटं, कारण नुसत्या सख्ख्या भावंडांत तो त्याहून बराच कमी दिसतो.

तिसरी बाजू शिकण्याची. एखादा खलाशी वादळातून वाचतो आणि मग बोट बघितली तरी छातीत धडधडतं. तो बंदरावर जाणं टाळतो, टाळलं की बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणूनच भीती पक्की होत जाते. इथे थोडं-थोडं करून परत बंदरापर्यंत जायला शिकवणारी थेरपी चालते, नुसता उपदेश चालत नाही. मामाचा प्रकार वेगळा होता, शेजारी हद्दीवर काहीतरी पुरतात असं त्याला ठाम वाटायचं. आम्ही दोनदा खणून दाखवलं, काही निघालं नाही तर म्हणे रात्री काढून नेलं. वाद घालू नका, हो ला हो पण करू नका. "तुला भीती वाटतेय हे कळतंय, झोप लागत नाहीये ना, त्यासाठी डॉक्टरकडे जाऊया" असं म्हटलं, तेव्हा तो गाडीत बसला.

कुठे जायचं? सिव्हिल हॉस्पिटलात चौकशी करा, रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या अशा चारपैकी एक, बाकीची ठाणे, पुणे, नागपूरला. पाय निघत नसेल तर टेली मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत, तिचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोला. मरायच्या गोष्टी करत असेल तर एकटं सोडू नका आणि कीटकनाशकाचे डबे कुलपात घाला, केस होईल म्हणून लपवू नका, 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं.

देवरशाकडे जायचंच असेल तर मी अडवत नाही, आजीशी भांडून काही होत नाही, फक्त मारझोड नको आणि गोळ्या बंद नकोत. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि झोप, सुस्ती हे आधी येतं, म्हणून लोक मध्येच सोडतात. गणपतीला मुंबईकर आले की कोणीतरी म्हणतंच, "आता बरा दिसतोस की, बंद कर." मामाने एकदा ऐकलं आणि दिवाळीपर्यंत परत सगळ्या खिडक्या बंद. तेव्हापासून मामीने गोळ्यांचा डबा देवघरात ठेवलाय, तिन्हीसांजेला दिवा लावला की गोळी.