अपडेट मारण्याआधीची तयारी

जत्रेच्या पत्रिका ज्यांना जातात त्यांचे पत्ते आणि मोबाइल नंबर बदलायचे, काम एवढंच. फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानासाठी मी ते करतो. यादी कधीतरी एक्सेलमधून उचलून मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टाकलेली: नाव, वाडा, गाव, जिल्हा, पिनकोड, फोन. अनुक्रमांकाचा कॉलम टाकणाऱ्याने गाळून टाकला होता, त्याला तो फालतू वाटला असावा. अशी यादी तुमच्याही गळ्यात पडली असेल तर अपडेट, म्हणजे भरलेली माहिती बदलायची आज्ञा, टाइप करण्याआधी थोडी तयारी करून ठेवा.

बॅकअप घ्या, हे सांगायला नको. पण तो दुसऱ्या मशीनवर चढवून रेकॉर्ड मोजा. दोन्हीकडचा आकडा जुळेपर्यंत तो बॅकअप झाला असं मी धरत नाही. टेबल इनोडीबी आहे की मायआयसॅम (टेबल साठवायच्या या दोन पद्धती) तेही बघून घ्या, कारण मायआयसॅममध्ये रोलबॅक, म्हणजे केलेला बदल मागे घेणं, चालत नाही. पावसाचे दिवस असतील तर यूपीएस.

आता खरं काम. माणूस कशावरून ओळखायचा ते आधी कागदावर ठरवा. पिनकोडचा उपयोग नाही, अर्ध्या यादीपुढे 403401 आहे. आडनावाचाही नाही, आमच्याकडे नाईक किती ते विचारू नका. नाव आणि वडिलांचं नाव जोडून भागेल असं मला वाटलं होतं. पण आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. पुंडलिकाचा विठू, त्याचा पुंडलिक, त्याचा पुन्हा विठू. दोन विठू, दोघांचेही वडील पुंडलिक, घर एक, वाडा एक. मी नातवाचा नंबर बदलायला गेलो आणि स्क्रीनवर दोन ओळी बदलल्याचा निरोप आला. ऑटोकमिट चालू होतं, म्हणजे प्रत्येक बदल लगेच कायम होत होता, त्यामुळे परतीची वाट बंद. आजोबांच्या नावापुढचा लँडलाइन नंबर गेला तो गेलाच, शेवटी बॅकअपमधून काढावा लागला.

म्हणून आधी सिलेक्ट, म्हणजे काही न बदलता नुसतं बघायची आज्ञा. जे कॉलम ओळख म्हणून धरलेत त्यांवर ग्रुप बाय करून (सारख्या ओळी एकत्र करून) एकापेक्षा जास्त वेळा येणारे गट काढा आणि त्याची प्रिंट घ्या. आपली प्रिंट बघताना कळलं की काही जोड्या म्हणजे एकच माणूस दोनदा आलेला. जानेवारी 2015 मध्ये फोंडा तालुका उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला, तेव्हा कोणीतरी जुनी ओळ तशीच ठेवून नवी भरली होती. नुसता जिल्हा दुरुस्त करायचा तर ओळखीची गरजच नाही, सगळ्या तालुक्याला एक अपडेट पुरे. तो मात्र शेवटी मारा. जुनी ओळ कुठली ते सध्या जिल्ह्यावरूनच कळतंय.

दिसायला सारखी पण यंत्राला वेगळी नावंही शोधून ठेवा. नावामागे राहिलेली रिकामी जागा नेहमीचीच. कऱ्हाडेमधला 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्यांना फरक दिसत नाही आणि व्हेअरला, म्हणजे कुठली ओळ हवी ते सांगणाऱ्या अटीला, ओळ सापडत नाही. रोमनमध्ये भरलेल्या नावांत पोर्तुगीज वळणाचा नाईक भेटतो, 'के'च्या जागी 'क्यू-यू-ई' घेऊन. आणि फोनचा रकाना नल, म्हणजे काहीच न भरलेला, असेल तर 'बरोबर नल' लिहून काही हाती लागणार नाही, 'इज नल' लिहावं लागतं.

वर्कबेंच हा मायएसक्यूएल हाताळायचा प्रोग्राम वापरत असाल तर 1175 नंबरची एरर येईल, कारण त्यातल्या सेफ अपडेट या सुरक्षेच्या सोयीला व्हेअरमध्ये की (ओळ शोधायची किल्ली) असलेला कॉलम लागतो आणि तोच आपल्याकडे नाही. लोक ती सोय बंद करून मोकळे होतात. तसं करण्यापेक्षा टेबलाला आयडीचा कॉलम जोडा, ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा आकडा) आणि प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) करून. टेबलाची रचना बदलणारा एक ऑल्टर आहे, पण तो केला की आधीचं ट्रान्झॅक्शन (एकत्र ठेवलेले, अजून मागे घेता येणारे बदल) आपोआप कमिट, म्हणजे कायम, होतं, तेव्हा मधेच करू नका. जुना प्रोग्राम कॉलमची नावं न देता इन्सर्ट करत (नवी ओळ भरत) असेल तर नव्या कॉलमामुळे तो अडेल, तेही आधी तपासा.

टेबलाची रचना बदलायची परवानगीच नसेल तर ट्रान्झॅक्शन सुरू करा, अपडेट मारा, जुळलेल्या ओळी एकच आहेत ना बघा, मगच कमिट. 'बदललेल्या' ओळींचा आकडा बघू नका. भरलेली नवी माहिती जुन्यासारखीच असेल तर मायएसक्यूएल तिथे शून्य दाखवतो. लिमिट 1, म्हणजे एकच ओळ बदल अशी मर्यादा, लावायचा मोह होतो. सगळे रकाने तंतोतंत सारखे असतील तर खुशाल लावा, कुठलीही ओळ बदलली तरी फरक नाही. एरवी तो जुगार आहे. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांकडे सीटीआयडी, म्हणजे ओळीची जागा सांगणारा आकडा, असतो, पण ओळ अपडेट झाली की तोही बदलतो, म्हणून वहीत उतरवून ठेवू नका.

जोड्यांची प्रिंट घेऊन देवस्थानात सगळ्यांना ओळखणाऱ्या जुन्या माणसाकडे जा. सकाळची पूजा आटोपल्यावर, पेन्सिल घेऊन. आमच्या काकांनी वीसेक मिनिटांत सगळ्या जोड्या सोडवल्या, वर दोघे वारल्याचंही सांगितलं.

नवा आयडी पाकिटाच्या कोपऱ्यात छापून घ्या. पोस्टातून पाकीट परत आलं की कुठली ओळ सुधारायची ते त्याच्यावरच असतं.